काय बिघडतं? बहात्तर तास बिघडतात!

गेल्या वर्षी चतुर्थी आटोपली, चाकरमानी मुंबईला परतले आणि त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी आईचा फोन आला. मी पणजीत नोकरी करते. शनिवार-रविवार वेंगुर्ल्याला घरी जाते. आई म्हणाली, ‘‘आजयेक नागीण इली हा. डाव्या बाजूक, बरगडीर.’’ दोन दिवस आधीपासून आजीच्या बरगडीत जळजळत होतं. गॅस झाला असेल म्हणून तिला ओवा खायला घातला होता. मंगळवारी पहाटे तिथे लाल पुरळ उठलं आणि त्यावर पाण्याचे बारीक फोड.

मी विचारलं, ‘‘डॉक्टराक दाखवलंस?’’

‘‘तो येतलो सांजेक. तीन दिवस उतरवतलो. मगे शनवारी तू इलंस की डॉक्टराक दाखवया. काय बिघडता?’’

‘तो’ म्हणजे वाडीतला नागीण उतरवणारा. मी ऑफिसात होते, समोर काम पडलं होतं. मीही म्हटलं, ‘‘बरां. काय बिघडता.’’

हा लेख त्या दोन शब्दांविरुद्ध आहे. नागीण उतरवणाऱ्याचा, मेडिकलवाल्याचा आणि डॉक्टरांचाही हिशेब पुढे येईलच. पण पहिला हिशेब ‘काय बिघडतं?’चा, आणि ते म्हणणाऱ्या माझा.

नागीण येते कुठून?

लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या असतील. फोड सुकले, खपल्या पडल्या, आंघोळ घातली, शाळा सुरू झाली. विषाणू मात्र गेला नाही. तो पाठीच्या कण्याजवळ, मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन गप्प बसला. वय वाढलं, शरीराची प्रतिकारशक्ती उतरली, की चाळीस-पन्नास वर्षांनीही तो उठतो आणि ज्या मज्जातंतूत बसलाय त्याच्याच वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून आधी दुखतं आणि मग पुरळ उठतं. म्हणून ते पुरळ पट्ट्यासारखं असतं. तो पट्टा वळणावळणाने पाठीकडून पोटाकडे येतो, जुन्या माणसांना त्यात साप दिसला आणि नाव पडलं नागीण. नाव सुंदर आहे, पण त्या नावाने आजवर बरंच नुकसान केलंय.

कारण सापाला तोंड असतं आणि शेपूट असते. ‘‘तोंडाक शेपूट लागला काय माणूस संपलो,’’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आजी मंगळवारपासून रोज आरशात बघत होती, पट्टा कुठवर आला ते. आता यातलं खरं काय? मज्जातंतू पाठीच्या कण्यातून डावीकडे वेगळे निघतात आणि उजवीकडे वेगळे. डाव्या तंतूत बसलेला विषाणू डावीकडेच उठतो आणि छातीच्या किंवा पोटाच्या मध्यावर येऊन थांबतो. त्यामुळे साधारण प्रकृतीच्या माणसाच्या अंगावर ते तोंड आणि ती शेपूट भेटतच नाहीत. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, म्हणजे कॅन्सरचे उपचार चालू असलेले, अवयव बदललेले, उपचार न घेतलेले एचआयव्हीचे रुग्ण, त्यांच्यात पुरळ बऱ्याच ठिकाणी पसरू शकतं. ते खरोखर गंभीर असतं आणि तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचं असतं.

म्हणजे या समजुतीने आपल्याला घाबरवलं, पण भलत्याच जागी. आम्ही घरातली सगळी माणसं वेटोळं पुरं होतंय का ते बघत बसलो. बघायचं होतं घड्याळाकडे.

गोळीला घड्याळ असतं

नागिणीवर औषध आहे. नवं, दुर्मिळ, फक्त मुंबईत मिळणारं असं काही नाही. असायक्लोव्हिर आणि त्याची भावंडं व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर. असायक्लोव्हिर १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एका औषध कंपनीत तयार झालं. ज्या संशोधिकेच्या तुकडीने त्यावर काम केलं ती गर्ट्रूड एलियन. तिच्याकडे पीएचडी नव्हती. १९८८ साली तिला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या औषधाची गंमत अशी की ते शरीरात जातं तेव्हा जवळजवळ झोपलेलंच असतं. विषाणूने जी पेशी ताब्यात घेतलीय त्या पेशीत विषाणूचंच एक रसायन त्याला जागं करतं. मग ते विषाणूच्या नकला काढण्याचं काम मध्येच तोडतं. चोराने स्वतःच्या हाताने कुलूप लावून घ्यावं तसं. म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास कमी.

पण यातच त्याची मर्यादाही आहे. ते नकला काढणं थांबवतं. निघालेल्या नकला पुसत नाही, आणि मज्जातंतूची झालेली जखम भरून काढत नाही. विषाणू पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोरात वाढतो. म्हणूनच जगभरचे डॉक्टर सांगतात की पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू करा. जितकी लवकर तितकी बरी.

आजीच्या बाबतीत ते ७२ तास शुक्रवारी पहाटे संपले. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन संध्याकाळी मंत्र झाला. गेरूचा लेप झाला, दुर्वा आणि तांदूळ वाटून लावले. शनिवारी मी घरी पोचले आणि तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘पुरळ कधी उठलं?’’ मी बोटांवर मोजायला लागले आणि मोजता मोजता माझ्या लक्षात आलं, मी काय केलंय.

डॉक्टरांनी तरीही गोळ्या सुरू केल्या, कारण नवे फोड अजून उठत होते. हे तुम्हीही लक्षात ठेवा. ७२ तास उलटले म्हणून घरी बसायचं नसतं. नवे फोड येत असतील, वय जास्त असेल, चेहऱ्यावर असेल, तर उशिरानेही औषधाचा विचार होतो. ते डॉक्टर ठरवतील. पण तिथवर जायला तर हवं.

आजीचे फोड सुकले. दुखणं राहिलं. या दुखण्याला डॉक्टरांकडे नाव आहे, नागिणीनंतरची मज्जातंतूची वेदना. महिनोन्महिने राहते, कुणाकुणाला वर्षानुवर्षं. आजीला पदर लागलेला सहन होत नाही. पंख्याचा वारा डाव्या अंगाला लागला तरी ती दचकते. यंदाच्या मे महिन्यात ती आमसुलं घालायला बसली नाही. माझ्या आठवणीतला हा पहिला मे.

आता मी प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगते, कारण ती लपवली तर माझ्यात आणि खोटी हमी देणाऱ्यात फरक उरणार नाही. मंगळवारीच गोळी सुरू झाली असती तर आजीला हे दुखणं राहिलंच नसतं, असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. औषधाने फोड लवकर सुकतात, सुरुवातीच्या वेदना कमी होतात, एवढं नक्की. नंतर राहणारी वेदना ते किती टाळतं यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. पण आजीला तिची संधी मिळाली असती. ती मी ‘काय बिघडतं’ म्हणून घालवली. कदाचित काही बदललं नसतं, कदाचित बदललं असतं. ते आता कधीच कळणार नाही, आणि बिघडलं ते हेच.

मंत्राने नागीण बरी होते, हे खरं आहे

इथे लोक मला थांबवतात. ‘‘अगो, पण अमक्याची नागीण उतरवल्यावर गेली. आम्ही डोळ्यांनी बघितली.’’

खरं आहे, गेली. तशीही ती जाणारच होती. नागिणीचे फोड बहुतेकांचे दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात. मंत्र घाला, लेप लावा, काही करू नका, फोड सुकतात. शरीर आपलं काम करतं आणि श्रेय नारळ घेऊन जातो. सर्दीवरही मंत्र असता तर तोही आठवड्याभरात लागू पडला असता.

हिशेबात खोट इथेच आहे. फोड सुकले ते उतरवणाऱ्याच्या खात्यात जमा. आठ महिन्यांनी म्हातारी रात्री उठून बसते ते कुणाच्याच खात्यात नाही. ते ‘वय झालं’ या खात्यात. ज्याची नागीण कपाळावर होती आणि नंतर डोळा अधू झाला, तो ‘नशीब’ या खात्यात. यश मोजायचं आणि अपयश दुसऱ्याच्या वहीत लिहायचं, तर कुठलाही उपाय शंभर टक्के यशस्वी होतो.

मी मांत्रिकाला लबाड म्हणत नाही. आमच्याकडे येणारा माणूस पैसे मागत नाही. तो आजीजवळ अर्धा तास बसला, तिची विचारपूस केली, ‘‘भिया नको, आजये’’ म्हणाला. शनिवारी डॉक्टरांनी आम्हाला पाच मिनिटं दिली. आजीला कुणाकडे बरं वाटलं असेल ते सांगायला नको. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांत जे अंतर आहे त्यातच ते तीन दिवस गेले. मायेने केलेला उशीरसुद्धा उशीरच असतो.

आपण एवढे भोळे नाही आहोत

‘गावातल्या लोकांना कळत नाही’ असं म्हणून शहरातली माणसं मोकळी होतात. माझं गाव तसं नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरावर सतराव्या शतकात डच आले, त्यांच्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मिशनचे डॉ. गोहीन इथे रुग्ण तपासत होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मला आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष, नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. म्हणजे दवाखाना ही या गावाला शंभर वर्षांची ओळखीची वस्तू आहे. आणि मोठं काही झालं तर आम्ही रात्री-अपरात्री गाडी काढून गोव्याला बांबोळीचं हॉस्पिटल गाठतो. तेव्हा कुणी आधी तीन संध्याकाळी थांबत नाही.

काजूची ‘वेंगुर्ला’ नावाची कलमं आमच्याच फळ संशोधन केंद्रातून निघाली आणि कोकणभर गेली. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडतात तेव्हा बागायतदार काय करतो? फवारणी. आणि तीही कधी? मोहोर करपल्यावर फवारून उपयोग नाही हे त्याला तोंडपाठ असतं. पहिली फवारणी मोहोर फुटायच्या आधी, पुढच्या ठरलेल्या अंतराने. चार दिवस चुकले तर हंगाम गेला. हे गणित आंब्याच्या झाडासाठी आपल्याला समजतं. आजीच्या बरगडीसाठी मात्र ‘काय बिघडतं?’

विंचवाचंही तेच. एके काळी कोकणात विंचू चावून माणसं मरायची आणि विंचू उतरवणारे गावोगाव होते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांजवळ रात्री जागून निरीक्षणं केली आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो हे दाखवलं. सगळी करामत ‘वेळेवर’ या शब्दात होती. आज विंचू चावला तर आपण दवाखान्यात पळतो. नागिणीवर पळत नाही, कारण नागीण लगेच मारत नाही. ती आयुष्यभराचं दुखणं देऊन जाते, आणि दुखणं हे बाईमाणसाने सोसायचंच असतं अशी आपली जुनी समजूत आहे.

२०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवलाय. त्या यादीत साप आहे, नागीण नाही. ती घालावी असं मी म्हणत नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला पोलिसांत देऊन माझ्या आजीचं दुखणं जाणार नाही. पण एवढं नक्की की कायदा तुम्हाला आठवण करून देणार नाही. ती घरातल्याच कुणी करायला हवी.

आणि मेडिकलवाला?

मांत्रिकावर टीका करणं सोपं आहे, टाळ्या मिळतात. पण शिकलेल्या माणसांची अंधश्रद्धा मेडिकलच्या काउंटरवर असते. ‘‘नागिणीवर काहीतरी द्या.’’ काउंटरवरून एक ट्यूब येते, चार गोळ्या कात्रीने कापून येतात आणि एक दुखण्याची गोळी. चिठ्ठी कुणी मागत नाही. असायक्लोव्हिर चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला ठाऊक करून घ्यायचं नसतं.

ट्यूबपासून सुरुवात करू. नागीण मज्जातंतूत आहे. कातडीवर मलम चोळून ती आटोक्यात येत नाही, गोळीच पोटातून जावी लागते. शिवाय बाजारातल्या कितीतरी मलमांत स्टिरॉइड असतं. ते लावलं की लाली उतरते, बरं वाटतं, आणि त्या जागेची विषाणूशी लढायची ताकद कमी होते. डोळ्यात हर्पिसचा विषाणू असताना आपल्या मनाने स्टिरॉइडचे थेंब घातले तर बुबुळावर कायमचा डाग पडू शकतो. ‘मागच्या वेळी डोळे आले तेव्हाचे थेंब आहेत घरात’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

मग चार गोळ्या. किडनी ठीक असलेल्या प्रौढ माणसाला नागिणीसाठी असायक्लोव्हिरचा नेहमीचा डोस असतो ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. म्हणजे ३५ गोळ्या. हा आकडा तुम्ही स्वतः औषध आणावं म्हणून दिला नाही. कात्रीने कापलेल्या चार गोळ्या म्हणजे काय, ते कळावं म्हणून दिला. ते औषध घेतल्याचं समाधान आहे, औषध नाही. दिवसातून पाच वेळा जमणार नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळा घेऊन भागतं, थोडं महाग पडतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हे औषध लघवीवाटे बाहेर जातं. म्हणून किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. मधुमेह, रक्तदाब, वय ही तिन्ही ज्या घरात आहेत, म्हणजे कोकणातल्या कुठल्याही घरात, तिथे डॉक्टरांना आधीच्या रक्ततपासणीचा कागद दाखवा. नसेल तर क्रिएटिनिन तपासायचं का ते विचारा. गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्यायचं असतं, नाहीतर औषधाचे खडे किडनीत बसू शकतात. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर तेही त्यांना आठवण करून द्या. काउंटरवरची ती दुखण्याची गोळी बहुधा किडनीवर ताण टाकणाऱ्या जातीची असते. म्हातारं माणूस, कमी पाणी, पूर्ण डोस आणि वर ती गोळी, हे चार एकत्र आले की औषध अंगात साठतं. मग माणूस बरळायला लागतो, हात थरथरतात, नसलेली माणसं दिसतात. अशा वेळी आमच्याकडे पहिला शब्द कुठला उच्चारला जाईल? बाधा. आणि पुन्हा तोच माणूस नारळ घेऊन येईल. खरं तर तेव्हा लगेच डॉक्टरांना फोन करायचा असतो.

उरलेल्या १५ गोळ्या

चौथ्या दिवशी आजीचे फोड सुकायला लागले आणि तिने गोळ्या बंद केल्या. ‘‘आता कित्याक?’’ ३५पैकी १५ उरल्या, कपाटात गेल्या. हीही आमची चूक. कोर्स पुरा करायचा असतो.

दिवाळीत माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता. वय २६. तो गेला आणि गोळ्याही गेल्या. बऱ्याच दिवसांनी त्याने मला मेसेज केला. त्याने फोनवर वाचलं होतं की हीच गोळी ‘त्यावर’ही चालते. ‘त्यावर’ म्हणजे कशावर, हे त्याने लिहिलं नाही. मला कळलं.

नागिणीच्या विषाणूची सख्खी भावंडं आहेत, हर्पिस सिम्प्लेक्स एक आणि दोन. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात ते बहुधा पहिल्याचे. जननेंद्रियावर येतात ते दुसऱ्याचे, आणि हल्ली पहिल्याचेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या जगातल्या दोन-तृतीयांश लोकांच्या अंगात पहिला आहे, म्हणजे सुमारे ३७० कोटी. १५ ते ४९ वयोगटात दुसरा सुमारे ४९ कोटी. इतक्या लोकांना असलेल्या या गोष्टीला मराठीत धड नाव नाही. भिंतींवर लिहिलेला ‘गुप्तरोग’ हा एकच शब्द आहे, आणि त्याखाली कुठल्यातरी तंबूचा पत्ता.

बघा, विषाणूंचं एकच घराणं. एकाला आपण नागीण म्हणून देवाच्या पंक्तीला बसवलं, दुसऱ्याला नावसुद्धा दिलं नाही. एकाचा वेळ भक्तीत जातो, दुसऱ्याचा लाजेत. औषध दोन्हीकडे उशिराच पोचतं.

भावाने केलं त्यात काय काय चुकलं? एक, त्याला हर्पिसच आहे हे त्याने स्वतःच ठरवलं. तशा जागी तसा व्रण सिफिलिसचाही असू शकतो, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे. दोन, डोस नागिणीचा होता, हर्पिस सिम्प्लेक्सचा वेगळा आणि बहुधा कमी असतो. तीन, त्याला वाटलं गोळ्या संपल्या म्हणजे विषय संपला. हा विषाणूही अंगात राहतो, पुन्हा उठू शकतो. पण त्याला घाबरून आयुष्य थांबवायचं कारण नाही. डॉक्टरांनी आधीच चिठ्ठी देऊन ठेवली असेल तर पुन्हा चुणचुण सुरू होताच, पहिल्या दिवशीच गोळी घेऊन तो हल्ला छोटा करता येतो. वरचेवर होत असेल तर रोजची छोटी गोळी महिनोन्महिने घेता येते, आणि तिने जोडीदाराला लागण होण्याची शक्यताही कमी होते. कंडोमनेही कमी होते, पूर्ण जात नाही. फोड असताना संबंध टाळायचे. बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना हे सांगायलाच हवं, कारण बाळंतपणात बाळाला लागण झाली तर ती जीवघेणी असू शकते.

हे सगळं एका चांगल्या डॉक्टरने दहा मिनिटांत त्याला सांगितलं. त्याआधी तो तीन महिने एकटा गुगल करत होता. ‘‘लोक काय म्हणतील’’ हाही एक मंत्रच आहे. तो आपण स्वतःवर घालून घेतो.

फोन तुमच्या हातात आहे

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण माझ्यासारखे असतील. गाव एकीकडे, नोकरी दुसरीकडे, आणि घरी दोन म्हातारी माणसं. घरात काही झालं की पहिला फोन तुम्हालाच येतो. त्या फोनवर तुम्ही काय बोलता, त्यावर तीन दिवस ठरतात. मी चुकीचं बोलले. तुम्ही असं बोला.

विचारा, पुरळ कधी दिसलं? दिवस नको, तास विचारा. फोटो मागवा. एका बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि आग होत असेल तर आजच डॉक्टर, शनिवारी नाही. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, कारण नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारा मज्जातंतू एकाच फांदीचा असतो. कानात फोड आणि तोंड वाकडं झालं असेल तरी त्याच दिवशी. किडनी, मधुमेह, चालू असलेल्या गोळ्या हे सगळं डॉक्टरांना सांगायला लावा. फोड उघडे ठेवू नका. नागीण दुसऱ्याला ‘चावत’ नाही, पण त्या पाण्यातून ज्याला कांजिण्या कधी झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदर बाई आणि तान्ही मुलं लांब ठेवा. आणि नागीण तुम्हालाच, ऐन तरुणपणी झाली, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतील. तो अपमान समजू नका, करून घ्या.

डॉक्टरांनाही माझं एक सांगणं आहे. आजी मंत्र घालून आली म्हणून हसू नका. तुम्ही हसलात की पुढच्या वेळी ती लपवेल, आणि लपवण्यात अजून दोन दिवस जातील. त्यापेक्षा ३५ गोळ्या का, मध्येच का थांबायचं नाही, हे तिला दोन वाक्यांत सांगा.

आणि नागीण उतरवणाऱ्या काकांना मी सांगून आलेय, हात जोडून. म्हटलं, तुमच्याकडे लोक डॉक्टरांच्या आधी येतात. मग पहिला प्रश्न तुम्हीच विचारा, गोळी सुरू झाली काय? झाली असेल तर मग घाला तुमचं गाऱ्हाणं, बसा म्हातारीजवळ अर्धा तास, तेवढी माया आमच्या डॉक्टरांकडे नाही. नसेल झाली तर आधी तिला दवाखान्यात पाठवा. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बघूया.’’

परवा रात्री आईचा फोन आला. शेजारच्या काकींच्या पाठीवर काहीतरी उठलंय, फोड आहेत, आग होतेय.

‘‘कधी बघितलानी?’’ मी विचारलं.

‘‘सकाळी आंघोळीक गेली तेव्हा. आता सांजेक त्या काकांकडे गेल्ली. तेनी सांगल्यानी, आधी डॉक्टराक दाखव, गोळी सुरू कर, मगे ये.’’

मी घड्याळात बघितलं. सकाळपासून चौदा तास झाले होते.

‘‘मगे उद्या सकाळीच ने तेंका,’’ मी म्हटलं. ‘‘किडनीचो कागद घेवन.’’

आजी मागून काहीतरी ओरडून सांगत होती. आईने फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, ‘‘आणि गोळये पुरे खा म्हणान सांग तेका.’’